पंधरावा कागद

तुम्ही म्हणाल, म्हातारी थापा मारते.

मारते. नाकारत नाही. आमच्या ह्यांच्या मिशीत चिमणीने घरटं केलं होतं, हे मी अख्ख्या गल्लीला पटवून दिलं होतं. बसमध्ये माझ्या शेजारी अस्वल बसलं आणि त्याने मला खिडकीची जागा दिली, हे आमच्या शाळेतली दोन मुलं मोठी होऊन नोकरीला लागली तरी खरं मानत होती.

पण आज जे सांगणार आहे, त्यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

माझी नात समोर बसून हे टाइप करते आहे. ती आत्ताच म्हणाली, "आजी, प्रत्येक थापेच्या आधी तू हेच म्हणतेस."

म्हणू दे तिला.

एकोणीस वर्षं झाली. दिवस मंगळवार. वेळ दुपारचे साडेतीन. रात्र नव्हती, लाइट गेलेले नव्हते, कुत्री रडत नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

म्हणूनच ती गोष्ट मला अजून छळते. उन्हात जे घडलं, ते अंधारावर ढकलता येत नाही.

मी शाळेत चित्रकलेची बाई होते. माझ्याकडे सगळ्यात लहान वर्ग. पाच-सहा वर्षांची चौदा मुलं. व्हरांड्याच्या टोकाची खोली, मागे एक खिडकी, खिडकीपाशी एक रिकामा बाक.

त्या वर्षी मी मुलांना चेहरे काढायला शिकवत होते. हसरा, रागावलेला, घाबरलेला, रडवेला.

मुलांना हसरा चेहरा काढा म्हटलं की ती आधी केळ्यासारखं तोंड काढतात आणि मोकळी होतात. मी म्हणायचे, तोंड सगळ्यात शेवटी. हसू गालात सुरू होतं. राग भुवयांत असतो. भीती वरच्या पापणीत. आणि रडू?

"डोळ्यांत!" सगळी ओरडायची.

"चूक. रडू हनुवटीत असतं. बघा आरशात."

प्रत्येकाला मी हातात मावेल एवढा एक आरसा दिला होता. चौदा मुलांचे चौदा, आणि एखादा फुटला तर असावा म्हणून पंधरावा कपाटात. मुलं रडवेली तोंडं करायची, हनुवटीला पडलेल्या सुरकुत्या बघायची आणि इतकी हसायची की रडू काढायचं राहूनच जायचं.

माझे दोन नियम होते. वर्गात खोडरबर आणायचं नाही. आणि मुलाच्या चित्रावर बाईंनी पेन्सिल चालवायची नाही. कधीच नाही. मुलाचं चित्र वाकडं असेल, पण ते त्याचं असतं.

नाव लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकाने कागदाच्या कोपऱ्यात आपली खूण काढायची. कुणाचा मासा, कुणाची छत्री, कुणाचा कंगवा. हळूहळू मी त्यांना त्याच नावाने हाक मारायला लागले. "ए छत्री, खाली बस!"

तर त्या मंगळवारी मी सांगितलं, आरशात बघून आपापला चेहरा काढा.

घंटा झाली. मुलं गेली. मी कागद मोजले.

पंधरा.

पुन्हा मोजले...

पंधराच.

चौदा कागदांवर नाकं, दात, कान, सगळं होतं. पंधराव्यावर फक्त एक गोल. आत काही नाही. कोपऱ्यात खूणही नाही.

आता गंमत सांगते. पाच वर्षांच्या मुलाला गोल काढता येत नाही. बटाटा येतो. टोक कधीच टोकाला मिळत नाही. हा गोल मात्र ताटली ठेवून काढावा तसा होता.

मी म्हटलं, कुणीतरी दोन कागद घेतले असतील. विषय संपला.

पुढच्या मंगळवारी मी कागद मोजून वाटले. चौदा.

परत आले... पंधरा.

तोच गोल. तेवढाच रिकामा.

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर एक आरसा पडला होता. काच वर करून. कपाट उघडून बघितलं, तर पंधरावा आरसा जागेवर नव्हता.

मी बाकापाशी गेले. वाकून पाहिलं.

काचेवर धूसर डाग होता. आरसा तोंडाच्या अगदी जवळ धरला की श्वासाचा पडतो, तसा.

मी बघत होते, आणि तो डाग कडेकडेने आक्रसत... नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कंगव्याला धरलं. ही कंगवा म्हणजे दोन वेण्यांची, फार शहाणी मुलगी.

"काय गं, मागच्या बाकावर कोण बसतं?"

"ते बसतं."

"ते म्हणजे कोण?"

"माहीत नाही बाई. तोंड असतं तर विचारलं असतं."

"तोंड नाही?"

"नाही ना. म्हणून तर त्याला काढता येत नाही." मग माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "तुम्ही त्याला शिकवतच नाही."

शाळेत एक मावशी होत्या. घंटा त्या द्यायच्या, किल्ल्याही त्यांच्याकडेच. मी त्यांना हे सांगितलं, तर त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "तुमच्या अस्वलाचा गुण लागला पोरांना. आणि बाई, रोज पाच-पाच वाजेपर्यंत काय बसता वर्गात? घरी जायचं नाही का? का घर इकडे येणार आहे?"

मीही हसले. घरी काय होतं?

हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. तिची मुलगी सहा-सात महिन्यांची झालेली, मी अजून पाहिलीही नव्हती. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. "आई, कशी आहेस?" "मजेत गं!" मी असं काही खणखणीत म्हणायचे की पलीकडे जावईबापूंनाही ऐकू जायचं. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. कपाट गप्प, नळ गप्प. पंखा तेवढा टकटक करायचा.

फोनवर आवाज जातो, चेहरा जात नाही. दोन वर्षांत घरात माझ्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा रिकामा गोल आला. शाळा सुटली. खिडकीतून ऊन थेट त्या बाकावर पडलं होतं. मी तो कागद घेऊन तिथे बसले.

भीती नाही वाटली. खरंच सांगते, वाईट वाटलं. तीन आठवडे एक मूल कागदावर गोल काढतं आहे, आरसा तोंडाला लावून शोधतं आहे, आणि त्याला काहीच सापडत नाही.

आणि मी माझा नियम मोडला.

पेन्सिल घेतली. समोर आरसा पडलेलाच होता. सवयीने तो उचलला, हसरा चेहरा केला आणि त्या गोलात काढत गेले. आधी गाल. मग डोळे. भुवया. डाव्या गालावरचा तीळ. शेवटी तोंड, आणि समोरच्या दोन दातांमधली फट.

चित्र पुरं झालं तेव्हा लक्षात आलं... मी त्याचा चेहरा नव्हता काढला. माझाच काढला होता.

म्हटलं, असू दे. काहीच नसण्यापेक्षा बरं. कागद बाकावर ठेवला, आरसा कपाटात ठेवायला उठले. चार पावलं गेले असेन. वळून पाहिलं.

बाक रिकामा होता. वारा नव्हता. खिडकी बंद होती.

गुरुवारी मावशी म्हणाल्या, "काल सुटल्यावर परत कशाला आलात? मागच्या बाकावर बसून एकट्याच हसत होतात. हाक मारली, तर उत्तर नाही. नुसतं हसणं."

"काल? काल मी तीनलाच गेले. दाढ काढायची होती. साडेतीनला डॉक्टरांच्या खुर्चीत होते, आ करून."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ही थाप आहे ना?"



शुक्रवारी कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "सकाळी शाळेच्या खिडकीतून काय हसत होता हो! मी हात केला, पण तुमचं हसू काही हललं नाही."

हललं नाही... कारण एकच काढलं होतं ना मी. एकच हसू.

मग आला चौथा मंगळवार. त्या दिवशी मी मुलांना म्हटलं, "आज आरसे नको. आज मी चेहरा करते, तुम्ही काढा. राग!" आणि भुवया अशा काही आवळल्या की कपाळ दुखलं.

मुलं बघत बसली.

"करा ना बाई," छत्री म्हणाला.

"केला की!"

"कुठे?"

"मस्करी पुरे. काढा मुकाट्याने."

त्यांनी काढलं. घंटा झाल्यावर मी कागद बघितले.

चौदा कागद. प्रत्येकावर माझा अंबाडा होता. माझा चष्मा होता. कानातलं होतं.

आणि चष्म्याच्या मागे... काही नव्हतं.

ना भुवया, ना नाक, ना तोंड. चौदाही मुलांनी रिकामा गोल काढला होता.

पंधरावा कागद खाली होता. त्यावर तीळ, दातांमधली फट, सगळं. तो हसत होता.

मी धावत हात धुवायच्या जागी गेले. आरशात पाहिलं. माझा चेहरा होता. मला दिसत होता. म्हटलं, पोरांनी ठरवून केलं असणार. बाहेर आले, तर समोरून मावशी.

"कोण पाहिजे?" त्या म्हणाल्या.

अकरा वर्षं मी त्या शाळेत होते. अकरा वर्षं ह्या बाईच्या हातचा चहा प्यायले.

"अहो मावशी, मी!"

आवाज ऐकल्यावर त्या दचकल्या. "अगंबाई, तुम्ही होय. काय झालंय तुम्हाला? समोर उभ्या आहात, तरी ओळख पटेना."

आणि नेमक्या त्या रविवारी मुलगी येणार होती. तान्हीला घेऊन, तीन दिवसांसाठी. नातीला मी पहिल्यांदा बघणार होते. मला कशाचीच पडली नव्हती, फक्त तेवढीच काळजी होती.

मी बसस्टँडवर तासभर आधी जाऊन उभी राहिले. बस आली. मुलगी उतरली, कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी. मला दोन हातांवरून बघितलं तिने...

आणि पुढे निघून गेली. आईला शोधत.

"अगं!" मी हाक मारली.

ती वळली. माझ्या जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. "आई? मला... बरी आहेस ना गं? तुझ्या तोंडाकडे बघून काही कळतच नाही."

"उन्हामुळे," मी म्हटलं. आणि हात पुढे केले. "दे माझी बाहुली."

बाळ कसं बघतं ठाऊक आहे ना? कुणीही घेतलं तरी थेट तोंडाकडे. हिने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या अंबाड्यावर गेली, कानातल्यावर गेली, चष्म्यावर गेली. मधे कुठे थांबलीच नाही. रंगवलेल्या भिंतीवर फिरावी तशी फिरली.

मग तिने हनुवटी आवळली. भोकाड पसरलं.

दोन रात्री ती माझ्याकडे आली नाही. मी बोलले की कान टवकारायची, वळून शोधायची, आणि मी दिसले की रडायची. मुलगी म्हणायची, "नवीन माणूस आहेस ना, होईल सवय." पण तीही माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. भाजी चिरता चिरता बोलायची.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. मावशींना म्हटलं, "दार ओढून घेते, तुम्ही जा."

मागच्या बाकासमोर खुर्ची ओढली. बाकावर कोरा कागद ठेवला. शेजारी पेन्सिल. आरसा मुद्दाम नाही ठेवला.

आणि बोलायला लागले. दुसरं काय येतं मला?

"हे बघ बाळा. चूक माझी आहे. तुझ्या चित्रावर मी पेन्सिल चालवायला नको होती. आरशात तुला काही दिसत नाही, हेही मला आधी कळायला हवं होतं. ज्याला आरशात दिसत नाही त्याला मी बोटांनी शिकवते. बोटांनी चाचपायचं. आधी माझा चेहरा चाचप, मग स्वतःचा."

चष्मा काढला. डोळे मिटले.

घड्याळाचा काटा ऐकू येत होता. लांब कुठेतरी बादली सरकवल्याचा आवाज. मग तोही थांबला.

मग माझ्या कपाळावर...

बोटं.

लहान. पाण्यातून काढल्यासारखी गार. पाचच्या पाच मोजली मी. भुवईवरून गेली, सावकाश. पापण्यांवरून. नाकाच्या शेंड्यावर जरा रेंगाळली. गालावरचा तीळ सापडला, तर त्यावर दोनदा टिचकी मारली. मुलं मारतात तशीच.

मग ती हनुवटीवर आली आणि थांबली.

माझी हनुवटी थरथरत होती. मला माहीतच नव्हतं.

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाला हात लावला होता. तुम्ही हसाल, पण त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. नंतर घाबरले.

बोटं गेली. पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज आला. खर्र... खर्र...

बंद झाला. मी डोळे उघडले.

बाकावर दोन कागद होते. एक कोरा ठेवलेला, त्यावर आता गोल होता. वाकडा, बटाट्यासारखा, टोक टोकाला न मिळालेला. आत डोळे नव्हते, नाक नव्हतं. फक्त खाली हनुवटी, आणि तिच्यावर पाच-सहा बारीक सुरकुत्या. आसवं नाहीत, काही नाही. पण असं रडू चौदा मुलांत एकालाही जमलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं. कोपऱ्यात खूणसुद्धा होती. एक छोटासा बाक.

दुसरा कागद माझा. तीळ, फट, हसू. माझ्याकडे सरकवून ठेवलेला.

परत देत होतं ते.

मी तो उचलला. दारापर्यंत गेले. मग वळून पाहिलं. त्या बाकावर एकटं रडू पडलं होतं.

सगळं आयुष्य तेवढ्या एका रडव्या हनुवटीवर कसं काढणार ते?

मी परत गेले आणि माझा कागद तिथेच ठेवला. मनात म्हटलं, हसू काय, मी नवीन करीन. अस्वल बसमध्ये बसवणाऱ्या बाईला एक हसू जड आहे का?

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्या दिवशी लांबूनच ओळखलं. घरी पोचले. मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "आई, रडलीस का गं?"

मला इतकं बरं वाटलं! तिला दिसलं होतं.

बाळाने माझ्याकडे पाहिलं. थेट. नाक धरलं, चष्मा ओढला, तिळाला नख लावलं. मी हरखून गेले. तोंडभर हसले तिला.

बाळ बघत राहिलं. वाट बघत असल्यासारखं.

पुढच्या मंगळवारी मुलांनी माझा राग काढला, भीती काढली, सगळं झकास. मग मी म्हटलं, "आता हसू." आणि हसले.

चौदा कागदांवर माझे डोळे होते, नाक होतं, तीळ होता.

तोंड एकावरही नव्हतं.

"हसलात की काढू," कंगवा म्हणाली.

पंधरावा कागद त्या दिवशी आला नाही. नंतर कधीच आला नाही.

वर्ष संपल्यावर मुलीने मला आपल्याकडे आणलं. नवीन हसू काही जमलं नाही. फोटो काढा म्हटलं की मी कडेला उभी राहते. गोष्टी सांगते, सगळे पोट धरधरून हसतात, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "ही मात्र कशी काय कोरडी राहते बाई!"

एवढंच असतं, तर मी आज हे सांगायला बसले नसते.

गेल्या महिन्यात मी नवीन कवळी बसवली. आता ती दातांमधली फट राहिली नाही. शाळेतल्या कुणी मला एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही. मावशीही आता नाहीत.

परवाच्या मंगळवारी दुपारी घरात एकटीच होते. डुलकी लागली. उठले, तर उशाशी...

एक कागद.

त्यावर मी. पांढरा अंबाडा. गालावरच्या आत्ताच्या सुरकुत्या, एकूण एक. तीळ. तोंडभर हसू, आणि हसण्यात नवीन कवळी. कोपऱ्यात छोटासा बाक.

चित्र खालून काढलं होतं. नाकपुड्या दिसत होत्या, हनुवटी मोठी. इतकी वर्षं मुलांची चित्रं पाहिली आहेत, कोण कुठे बसून काढतं ते मला कळतं. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसलं की मी तशी दिसते.

कागद कपाटात ठेवला आहे. मुलीला दाखवलेला नाही. घाबरेल.

मला भीती वाटते का? वाटते. दुपारी आता डुलकी घेत नाही. पण पलंगाच्या पायथ्याशी एक पाट टाकून ठेवला आहे. फरशी गार असते.

नात टाइप करायची थांबली आहे. मघापासून माझ्याकडेच बघते आहे.

"आजी," ती म्हणते, "खरं सांग. ही थाप आहे ना? असेल तर हस बघू एकदा."

मी हसतेच आहे गं, बाळा.

केव्हाची.